अक्षर किती बाइटांचे?

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्ण आणि अक्षर यांतला भेद दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्याचे व्यवहारात कधी काम पडेल असे मात्र वाटले नव्हते. मराठी भाषा गौरव दिनाच्या निबंधस्पर्धेची प्रमाणपत्रे छापताना पहिल्या आलेल्या मुलीचे नाव अर्ध्यावर तुटले आणि पुढे काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटले. तिचे नाव येथे देत नाही. त्याच वळणाचा शब्द घेऊ : ज्योत्स्ना.

संगणकशास्त्राच्या सहकाऱ्याने आरंभ केला तो डेटा टाइपपासून. यंत्रापाशी साऱ्या शून्य-एकच्याच ओळी. ती ओळ पूर्णांक म्हणून वाचायची की मजकूर म्हणून, हे आधी सांगावे लागते. ६५ ही संख्या आणि रोमन मोठा ‘ए’ यांची साठवण एकच. (आसनक्रमांक पूर्णांक मानला की आरंभीची शून्ये गळतात, ही कार्यालयाची जुनी व्यथाही तेथेच उलगडली. आसनक्रमांकांची बेरीज कोण करतो? ती संख्या नव्हेच, ते नाव आहे.)

डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी भाषेत ‘कॅरॅक्टर’ हा प्रकार १ बाइटाचा. फार तर २५६ मूल्ये. इंग्रजीला तेवढी पुरून उरतात. युनिकोडमध्ये आपली ‘ज्योत्स्ना’ म्हणजे ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना अशी १० चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, एकूण ३०. आमच्याकडचा रकाना होता २० बाइटांचा. ६ चिन्हे मावली, सातव्या सकाराचे २ बाइट आत आणि १ बाहेर राहिला. वृत्त मोजताना मात्र आपण दोनच अक्षरे धरतो, दोन्ही गुरू. दोन, दहा, तीस : तिन्ही उत्तरे बरोबर. राग आला तो रकाना आखणाऱ्याचा. ‘नाव’ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे रोमन नावच होते. त्या लिपीत हाच शब्द ७ बाइटांत बसतो.

दुरुस्ती पुढच्या सत्रात होईल असे कळले. प्रमाणपत्र त्याच आठवड्यात हवे होते. मुलगीच म्हणाली, “मॅडम, इंग्रजीत टाका ना, बसेल.” आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हो म्हणालो.

सही करताना आमच्यापैकी एकाने रोमन नावाखाली शाईच्या पेनने तेच नाव देवनागरीत लिहिले. कार्यालयाने ती प्रत खाडाखोड झाली म्हणून परत पाठवली.