आवाज गेला म्हणजे पडदाच गेला

मामूंच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला, म्हणून दुकानातून नवा बसवून आणला. हार्ड डिस्क तीच, स्पीकर तेच, हेडफोनही तोच. मशीन सुरू झालं, पण आवाज नाही. दुकानात फोन केला. उत्तर आलं, "डिस्प्ले येतोय ना? मग मशीन ओके आहे. आवाजाचं नंतर बघू."

तुमच्या-माझ्यासाठी हे उत्तर ठीकच आहे. दोन दिवस गाणी ऐकली नाहीत म्हणून काही बिघडत नाही. मामूंची नजर मात्र काचबिंदूने गेलेली. "तुम लोगां को दिखता होंगा, मेरेकू तो पूरा अंधेरा है," ते म्हणाले.

मामू एनव्हीडीए वापरतात. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा हा फुकट प्रोग्रॅम मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 साली सुरू केला. त्याचा मराठी आवाज अगदीच यंत्रासारखा आहे. मामू तो इतक्या वेगाने ऐकतात की मला त्यातला एक शब्द कळत नाही. सकाळची वर्तमानपत्रं, बँकेचे मेल, पेन्शनची कागदपत्रं, सगळं त्याच आवाजावर चालतं. गेली काही वर्षं त्यांना कुणाला "जरा वाचून दाखव रे" म्हणावं लागलं नव्हतं.

ते कंट्रोल, ऑल्ट, एन पुन्हा पुन्हा दाबत होते. प्रोग्रॅम बंद पडलाय असंच त्यांना वाटणार. खरं तर तो चालूच होता आणि अखंड बोलत होता, पण बिनस्पीकरच्या मॉनिटरमध्ये. पूर्वी मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए केबल होती. तिच्यातून फक्त चित्र जातं. नव्या बोर्डाला दुकानदाराने एचडीएमआय केबल जोडली, आणि तिच्यातून चित्राबरोबर आवाजही जातो. नवा बोर्ड दिसताच विंडोजने आवाजाची नवी साधनं नोंदवली आणि मुख्य म्हणून मॉनिटरची निवड केली. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुटमध्ये 'रिअलटेक' निवडलं, की काम झालं. डोळस माणसाला दोन मिनिटं लागतात. पण आवाज परत आणायचा तर यादी वाचावी लागते, आणि ज्याला ती ऐकूनच वाचायची आहे त्याने काय करावं? विंडोजचा स्वतःचा नॅरेटर आहे म्हणा, पण तोही त्याच मुक्या वाटेने जाणार.

मागचे स्पीकर बोलू लागले. पुढचा हेडफोन अजून गप्पच, आणि मामू तर हेडफोनच लावतात, कारण पहाटे फजरनंतर वाचायला बसतात तेव्हा घर झोपलेलं असतं. कॅबिनेट उघडलं. पुढच्या जॅकची बारीक वायर बोर्डाच्या कडेला असलेल्या नऊ पिनांच्या जागी लावायची असते. तिथे 'एचडी ऑडिओ' किंवा 'एफ ऑडिओ' अशी बारीक अक्षरं असतात. आमची वायर नुसती लोंबकळत होती. जुना बोर्ड काढताना सुटलेली, नवा बसवताना कुणाच्या लक्षात आली नाही. पडद्यावर चित्र आलं होतं, मग कोण कशाला बघेल! एक पिन कमी असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. मशीन बंद करून, पिन काढून ती लावली.

पुढच्या वेळेसाठी बाजारातून एक छोटं यूएसबी साउंड कार्ड आणून ठेवलंय. त्याचा मदरबोर्डाच्या आवाजाशी संबंध नसतो. लावलं की बहुतेक वेळा विंडोज आपोआप त्याच्याकडे वळतं. म्हणजे कुणाचे डोळे उसने न घेता मामूंना निदान यादीपर्यंत पोहोचता येईल. आम्ही ते एकदा मुद्दाम आवाज बंद करून तपासलं. मामूंनी चाचपडत पोर्ट शोधला, कार्ड लावलं आणि ऐकू लागले.

आता मशीन दुरुस्तीला गेलं की हेडफोन सोबत जातो. दुकानातच स्टुलावर बसून मामू आधी अर्धं पान ऐकतात, मग पैसे देतात.