चुकीच्या घरांतला उंट

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, म्हणून आम्हा हौशी मंडळींचा खेळ सुधारला असं काही नाही बरं का! परवा सोलापूरच्या स्पर्धेत समोर पॉवरलूमवाले काका, रात्रपाळी करून आलेले. शेवटी त्यांच्याकडे राजा, उंट आणि एच पट्टीतलं प्यादं. माझ्याकडे नुसता राजा. पण उंट पांढऱ्या घरांतला, आणि प्यादं वजीर होणार ते एच८ घर काळं. त्या कोपऱ्यात माझा राजा बसला की हुसकावता येत नाही. फार तर कोंडी, म्हणजे बरोबरीच. (कॉम्प्युटर लगेच ०.०० दाखवेल.) काका वीस मिनिटं झगडले. स्कोअरशीटवर सही करून त्यांनी मोहरे मागे नेले, काळ्या घरांतला उंट माझ्या घोड्यासाठी दिला त्या खेळीपर्यंत. "इथंच गेला की ओ डाव!"