फुलीचा मजकूर सोडून

ट्रॉम्सो, २५ नोव्हेंबर

प्रिय मंजू,

आईला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर मला बघून ती 'वाळलीस' एवढंच म्हणते, म्हणून हे कागदावर. फोटो काढून पाठवतेय, तू मोठ्याने वाच. समासात फुली असेल तिथला मजकूर मात्र तुझ्यापुरता.

बाळ-बाळंतीण छान. बाळाचं नाक थेट आपल्या अण्णांचं आहे, आईला हे दोनदा सांग. डिंकाचे लाडू पुरतील. कोथिंबिरीची मूठभर जुडी तीस क्रोनरला, म्हणजे जवळजवळ अडीचशे रुपये. तिची मी वरणावर मोजून पानं टाकते.

सूर्य २१ तारखेपासून दिसलेला नाही. क्षितिजावर अजून दोनेक दिवस येईल म्हणतात, पण मध्ये डोंगर आहेत. आता थेट जानेवारीत. तीस वर्षं नववीला पृथ्वीगोल फिरवून 'ध्रुवीय रात्र' शिकवली, तेव्हा त्या रात्रीत धुणं कुठे वाळत घालतात हे एकाही पोराने विचारलं नाही. (रेडिएटरवर. सगळ्या घराला ओल्या दुपट्यांचा वास.)

ते त्रिकोणी चर्च आणि नॉर्दर्न लाइट्स बघून झाले. फोटोत जास्त हिरवे दिसतात.

टाकीचा फ्लोट बसवला का?

ताई

१७ डिसेंबर

प्रिय मंजू,

पार्सल मिळालं, म्हणजे अर्धं मिळालं. खिडकीवरच्या माणसाने खोकं उघडायला लावलं. यात दुधाचं काय आहे? जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आता खोटं कुठून सुचणार! साजूक तूप, म्हटलं. युरोपबाहेरून दुधाचा पदार्थ पाठवता येत नाही, तसा नियमच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याने ती बरणी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर उचलतात तशी, मागच्या पिंपात टाकली आणि माझ्याकडे न बघता 'पुढचे' म्हणाला. कढवताना टाकलेलं विड्याचं पान तळाशी दिसत होतं गं. लाडूचा डबा मात्र दिला.

उणे सहामध्ये बाळाला लोकरीत गुंडाळून, बाबागाडीत घालून बाहेर गॅलरीत झोपवतात! इथे सगळेच झोपवतात म्हणे. मी काचेआड खुर्ची टाकून बसते. बाळ तीन तास झोपतं, मी तीन तास जागी.

दत्तजयंतीला पूर्ण चंद्र होता, तो मावळलाच नाही. चोवीस तास आकाशात गोल फिरत राहिला. आरती कधी करायची कळेना, शेवटी सांगलीच्या वेळेने केली.

फुली. त्या खिडकीसमोर मी रडले. तुपाच्या बरणीसाठी, एकसष्ट वर्षांची बाई! आणि हे त्या दिवसापुरतं नाही. सकाळी दहापर्यंत डोळा उघडत नाही, दुपारी पुन्हा झोप. दिवसभर गोड खावंसं वाटतं. परवा कढईभर शिरा उभ्याउभ्याच संपवला. काल बाळाला अंघोळ घालायचाही कंटाळा आला. ज्याच्यासाठी आले त्याचाच कंटाळा! तू म्हणशील, तुला काय कमी आहे. काहीच कमी नाही, तेच तर. फुली संपली.

आईच्या गुडघ्याला तेल लाव.

ताई

४ जानेवारी

प्रिय मंजू,

अनूने पकडलं. म्हणाली, आई, तू आळशी झालेली नाहीस, तुला मर्केतीद लागलाय. मर्केतीद म्हणजे हा काळोखाचा काळ. बरं, हे लागणं नुसतं सूर्य बुडतो तिथलंच नाही; हिवाळ्यात महिनोन् महिने आभाळ करडं राहतं तिथेही होतं. १९८४ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीला आजार म्हणून नाव दिलं. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. उन्हातून आलेल्या माणसालाच आधी कळायचं. जास्त झोप आणि गोडाची वखवख, दोन्ही त्याच यादीत आहेत. शिऱ्याचं कारण सापडलं एकदाचं.

उपाय म्हणजे एक दिवा. शाळेच्या पाटीएवढा, पांढरा, दहा हजार लक्सचा. घरातल्या दिव्यांचा उजेड काही शे लक्स, आपल्या भर उन्हाचा लाखाच्या घरात. उठल्या उठल्या अर्धा तास हा हातभर अंतरावर ठेवायचा, त्याच्याकडे टक लावायची नाही, आपलं काम करायचं. सकाळचा उजेड डोळ्यांतून मेंदूला दिवस उगवल्याची वर्दी देतो. वर्दीच गेली नाही, की अंगातलं घड्याळ मागे पडतं आणि दिवस वर आला तरी शरीर रात्रच धरून बसतं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून अनूने आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. आता मी रोज त्याच्यापुढे बसून लसूण सोलते. पहिले चार दिवस फक्त लसूण सोलून झाला. नंतर एका सकाळी सातला आपोआप जाग आली आणि चहा प्यावासा वाटला.

शिवाय शेजारच्या आजी. त्यांना इंग्रजी येत नाही, मला नॉर्वेजियन. त्या रोज अकराला बेल वाजवतात, खाली बसून माझ्या बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या चढवतात, कोटाला चमकणारी चकती लावतात आणि बाहेर काढतात. दहा ते दीड मिट्ट काळोख नसतो. नीळ घातलेल्या पाण्यासारखा उजेड असतो आणि दक्षिणेला गुलाबी पट्टी. तासभर दोघी गप्प चालतो. टिळक इकडे कधी आले नाहीत, तरी १९०३ च्या पुस्तकात त्यांनी वेदांतल्या उषा म्हणजे ध्रुवाकडच्या लांबलचक पहाटा असं मांडलं. सिद्धांत मला पटत नाही. पण दिवसाचा दिवस पहाटच पुढ्यात असेल, तर माणूस तिच्यावर सूक्तं रचेल, हे पटलं.

फुली. ज्या महिन्याच्या नावात र आहे, त्या महिन्यात इथे कॉड माशाच्या यकृताचं तेल प्यायची जुनी रीत आहे. ड जीवनसत्त्वासाठी. ऊनच नाही, तर अंगात कुठून तयार होणार? आजींनी चमचा पुढे केला. मी प्यायले. लिंबाचा स्वाद घातलेला असतो, तरी मासा तो मासाच. रोज पितेय. फुली संपली.

ताई

२३ जानेवारी

प्रिय मंजू,

पंचांगवाल्यांना सांग, संक्रांत बरोबर आहे. त्याच सुमाराला सूर्य इथे क्षितिजावर परततो, फक्त डोंगरांमुळे गावात २१ ला दिसतो. त्या दिवशी बेकऱ्यांपुढे रांगा. सूलबोल्लर म्हणून तळलेले गोड पाव असतात, आत जॅम. पन्नास क्रोनरला एक, म्हणजे चारशे रुपये. आम्ही पाच आणले आणि सूर्य काही आला नाही, दिवसभर ढग. तरी सगळ्यांनी खाल्ले, आजींनी दोन. मी त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला.

काल सव्वाअकराला आला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मसाल्याच्या डब्याच्या वर, परातीएवढा चट्टा. अनूने बाळाला उचलून त्याच्यापुढे धरलं. बाळ शिंकलं. मिनिटभरात चट्टा गेला.

आज पुन्हा ढग आहेत. मी दिव्यापुढे बसून लिहितेय.

५ तारखेला निघते. पुण्याला कुणी येऊ नका, बसने येईन. आईचं पांघरूण गच्चीवर उन्हात घालून ठेव, आल्या आल्या मी त्यात झोपणार आहे. फुलीचंही तिला आता वाचून दाखवलंस तरी चालेल. फक्त माशाच्या तेलाचं सोडून.

ताई