डिस्कबाईंचं मानपान

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरात सगळ्यात जास्त मान कोणाला लागतो, हे पहिल्यांदा बटण दाबलं की कळतं. पंखा फिरतो, कीबोर्डचे दिवे लुकलुकतात, स्पीकर एक ‘बीप’ देतो; म्हणजे बाकीच्या मंडळींची हजेरी लागली. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात: ‘प्रायमरी मास्टर: नन’. डिस्कबाई, म्हणजे आपली हार्ड डिस्क, आत बसलेल्या असतात, पण ओ देत नाहीत.

या बाई आयडीई घराण्यातल्या, रुंद राखाडी रिबन केबलच्या जमान्यातल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून बोर्ड, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून कॅबिनेट अशी जमवाजमव करून पीसी ‘असेंबल’ व्हायचा, तेव्हा हिच्याइतका हट्टी पाहुणा दुसरा नसे.

पहिला हट्ट जागेचा. एका केबलवर दोघींची सोय. एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. कोण काय, हे पाठीमागच्या पिनांवर जंपर लावून सांगायचं. जंपर म्हणजे नखावर मावेल एवढी प्लास्टिकची टोपी, जी हातातून निसटली की टेबलाखालीच जाते. दोघींना मास्टर केलं तर बऱ्याचदा दोघी गप्प. काही कंपन्यांच्या बाई त्याहून नाजूक. ‘सोबत स्लेव्ह आहे’ असं जंपरने सांगून त्यांना एकटंच बसवलं, तर त्या कधीच न येणाऱ्या सोबतिणीची वाट बघत राहतात. तिथे जंपर काढूनच टाकायचा असतो. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीने या मास्टर-स्लेव्ह नावांवरच हरकत घेतली होती. बाईंचं नावाशी वैर नव्हतं. जागा चुकली की बिनसायचं.

दुसरा हट्ट केबलचा. कडेची लाल रेघ एक नंबरच्या पिनेकडे, म्हणजे बहुतेक वेळा पॉवरच्या सॉकेटकडे यायला हवी. उलटी खोचली की पुढचा दिवा अखंड पेटलेला आणि बाई मुक्या. पुढे पिना ४०च राहिल्या, तारा मात्र ८० झाल्या. वाढलेल्या ४० तारा काहीच बोलत नाहीत. दोन बोलक्या तारांच्या मध्ये बसून त्यांची कुजबूज एकमेकींत मिसळू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. अशी माणसं घराघरात हवीत. या केबलला टोकांचेही रंग आले: निळं बोर्डाला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला.

इतकं करूनही रुसवा गेला नाही तर बाईंच्या अंगाला हात लावून बघावं. पिवळ्या तारेतले १२ व्होल्ट मोटर फिरवतात, लाल तारेतले ५ व्होल्ट डोकं चालवतात. बारीक ‘घूं’ आणि किंचित थरथर जाणवली तर जीव आहे. काहीच नसेल तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची दुसरी वायर लावून बघायची. पण ‘टक… टक… टक’ ऐकू आलं तर तो रुसवा नाही, आजारपण आहे. आतल्या हेडला आपली जागा सापडत नसते. तेव्हा जंपर-केबलचे खेळ बंद करावेत. अशा डिस्कला पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

बाई बढाईखोरही आहेत. अंगावर लेबल ८० जीबीचं, विंडोज मोजतं ७४.५. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. खोटं कोणीच बोलत नाही. गंमत अशी, की काही जुने बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारे बोर्डावरचे प्रोग्रॅम, ३२ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की तिथेच थिजायचे. त्यांच्यासाठी काही डिस्कांना खास जंपर असे. तो लावला की एरवी मोठेपणा मिरवणाऱ्या बाई ‘मी फक्त ३२ची’ म्हणत निमूट आत शिरायच्या.

बायोसमध्ये नाव आलं म्हणून पेढे वाटू नयेत. कोऱ्या डिस्कचा ‘माय कॉम्प्युटर’मध्ये पत्ताच नसतो. आधी एफडिस्कने वाटण्या करायच्या, मशीन पुन्हा सुरू करायचं, मग फॉरमॅट. वाटण्या झाल्याशिवाय बाई घरात पाऊल टाकत नाहीत.

पुढे आयडीईच्या जागी साटा आली आणि प्रत्येकीला स्वतंत्र बारीक केबल मिळाली, जंपरची भांडणं मिटली. मानपान मात्र तसंच. काही बोर्डांवर एम.टू.च्या खाचेत नवी डिस्क बसवली की साटाची एकदोन पोर्टं परस्पर बंद होतात, आणि तिथे बसलेली जुनी डिस्क गायब. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बारीक टायपात, तक्त्याच्या खाली.

आयडीईवाल्या बाईंचा शेवटचा डाव मात्र सगळं सुरळीत झाल्यावरचा. विंडोज चढलेलं, गाणं वाजलेलं, आपण कॅबिनेटचं झाकण सरकवतो, चार स्क्रू आवळतो. आत ती रुंद रिबन झाकणाला घासून केसभर सैल होते, आणि पुन्हा ‘नन’. म्हणूनच जुन्या असेंबलवाल्यांच्या घरचे पीसी वर्षानुवर्षं उघड्या कुशीने चालत, आणि झाकण कपाटामागे उभं असे.