भंडाऱ्याच्या कपात कॉफी आली कुठून?

भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या या सखल प्रदेशात कॉफीचे झुडूप तग धरणे कठीण. विदर्भात ते रुजले ते दुसऱ्या टोकाला, सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात, मोठ्या झाडांच्या सावलीत. ती लागवडही मोजकीच. भंडाऱ्याच्या घरात कॉफी शिरली ती बाजारातून.

तिचे मूळ इथिओपियात. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये म्हणून ती पीत. बाबा बुदन यांनी मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या, ही कथा सर्वांना ठाऊक असते. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. जुन्या मराठीतील 'बुंद' हा शब्द मात्र अधिक बोलका आहे. कॉफीच्या बियांसाठीचा हा शब्द अरबी 'बुन्न'वरून आला. इंग्रजी वळणाची 'कॉफी' नंतरची.

१८८८ साली मुंबईत पेस्तनजी एदुलजी दलाल या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने दळलेली कॉफी विकण्यास आरंभ केला. 'पॉली' या टोपणनावावरून 'पोल्सन' हे नाव घडले. (लोण्याची कीर्ती त्यानंतरची!) मराठी घरांनी कॉफी आपल्या पद्धतीने स्वीकारली: भरपूर दूध, साखर आणि वर किसलेले जायफळ. दक्षिणेकडील फिल्टरचे भांडे इथे फारसे रुळले नाही.

घराबाहेरच्या कॉफीची कहाणी अधिक कठोर आहे. १९३०च्या दशकातील जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि माल देशातच खपवणे भाग पडले. १९३६ मध्ये कॉफी सेस कमिटीने मुंबईत चर्चगेटला पहिले 'इंडिया कॉफी हाउस' उघडले. म्हणजे चर्चा, कविता आणि राजकारण यांचे हे प्रसिद्ध अड्डे मुळात बागायतदारांचा माल खपवण्यासाठी निघाले होते. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने ते बंद करायला घेतले, तेव्हा बेकारी ओढवली ती वाढप्यांवर आणि आचाऱ्यांवर. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने या कामगारांनी सहकारी संस्था उभारल्या आणि कॉफी हाउसे स्वतःच चालवायला घेतली. पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूरला स्थापन झाली; पाटीवरील 'इंडिया'चे 'इंडियन' झाले.

भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर, नागपूरच्या सदर भागात, असे एक इंडियन कॉफी हाउस आहे. या सहकारी संस्थांत तुरेदार फेटा बांधून कप आणून ठेवणारा कामगार संस्थेचा सभासदही असतो.