२१ दिवसांचं इंजेक्शन

कामशेतला दवाखाना थाटला तेव्हा पेनिसिलिन हे माझं रोजचं औषध होतं. लोणावळा लोकलने पुण्याला निघालं की वाटेत पिंपरी लागतं. पेनिसिलिन तिथेच तयार व्हायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली उभी राहिली, १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. आमच्या भागात तिला सगळे नुसतं 'एच.ए.' म्हणतात. इतकं घरचं औषध, त्यात नव्याने वाचायचं काय, अशी माझी समजूत. पहिली चूक त्या समजुतीतूनच झाली.

भातलावणीचे दिवस होते. नाणे मावळातला एक शेतकरी पाय सुजवून आला. चिखलात तळव्याला काहीतरी कापलं होतं. लाली पोटरीपर्यंत चढलेली, अंगात ताप, हुडहुडी. कपाटात दोन कुप्या होत्या. क्रिस्टलाइन पेनिसिलिनच्या कुपीवर ५ लाख युनिट, बेंझाथिन पेनिसिलिनच्या कुपीवर १२ लाख. मी १२ लाखांची उचलली, कमरेत टोचली आणि "दोन दिवसांनी या" म्हटलं. मोठा आकडा म्हणजे मोठा मारा, एवढाच माझा हिशोब.

हिशोब नेमका उलटा होता. क्रिस्टलाइन शिरेतून दिलं की रक्तातलं प्रमाण लगेच वर जातं, पण मूत्रपिंडं ते काही तासांत बाहेर टाकतात. म्हणून दर चार ते सहा तासांनी, रात्रीसुद्धा, पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी रुग्ण दाखल हवा. बेंझाथिन स्नायूत साठून राहतं आणि तीन-चार आठवडे झिरपत राहतं. रक्तात त्याचं प्रमाण कायम थोडंच असतं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसला ते पुरतं, भराभर वर चढणाऱ्या पायाला पुरत नाही. प्रोकेन पेनिसिलिन या दोघांच्या मधलं, दिवसातून एकदा-दोनदा द्यायचं. प्रोकेन आणि बेंझाथिन ही दोन्ही दुधाळ औषधं चुकूनही शिरेत जाता कामा नयेत, जीव जाऊ शकतो. हे सगळं पुस्तकात होतं आणि परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

दोन दिवसांनी त्याला बैलगाडीतून आणलं. पायावर फोड, मधली कातडी काळी पडलेली. पुण्याला पाठवला. पाय वाचला, पण बरीच कातडी कापून काढावी लागली आणि त्या सालची लावणी भाऊबंदांनी उरकली. पुढे भेटायला आला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही तरी काय करणार?" मी चुकीची कुपी उचलली होती, हे त्याला मी तेव्हाही सांगितलं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एका तरुणाला प्रोकेन दिलं. कातडीत टेस्ट डोस देऊन पाहिला होता, काही उठलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. टेस्ट डोस कोरा गेला म्हणजे धोका टळला असं नसतं. पाच-दहा मिनिटांत त्याचे तळहात खाजू लागले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, नाडी हाताला लागेना. मी एव्हिल दिलं. मग डेक्सोना, म्हणजे स्टेरॉइड. मग सलाईन. कंपाउंडरने विचारलं, "साहेब, ॲड्रिनलिन फोडू का?" मी म्हणालो, थांब. हृदयावर ताण येईल अशी भीती वाटली. शेवटी दिलं आणि त्याने डोळे उघडले. खरं तर मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर ॲड्रिनलिन, हेच पहिलं काम. एव्हिल आणि स्टेरॉइड त्याच्या मागून. माणूस माझ्या उशिरामुळे मरणार होता. मी मात्र ठपका औषधावर ठेवला आणि पेनिसिलिन दवाखान्यातून हद्दपार केलं. महागडी अँटिबायोटिक्स लिहू लागलो. आजूबाजूचे डॉक्टरही तेच करत होते, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

त्याची किंमत एका मुलीने मोजली. तिला संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर, येऊन गेला होता. घशातल्या त्याच स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा दुखून बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि खरी इजा हृदयाच्या झडपांना होते. पुण्याच्या डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी बेंझाथिन घ्यायला सांगितलं होतं, कित्येक वर्षं. वडील कुपी घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, एवढं टोचून द्या. पुण्याला गेलं की रोज बुडतो." मी म्हणालो, "दादा, रिॲक्शन आली तर? तिकडेच जा." गावातून एसटी, कामशेतहून लोकल, पुढे रिक्षा, दर तीन आठवड्यांनी हे कोणाला जमतं? काही महिने त्यांनी रेटलं, मग सुटलं. ताप उलटला. पुन्हा माझ्यासमोर आली तेव्हा ती चार पावलं चालून धापा टाकत होती. मायट्रल झडप अरुंद झाली होती.

त्यानंतर मी वाचायला बसलो. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना नीट तपासलं तर ते चालतं. खरी ॲलर्जीही दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. घशातला तो 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही पेनिसिलिनला दाद देतो. इतर जंतूंचा इतिहास पाहता हे नवलच. २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणखी एक गोष्ट मांडली: झडपेचा आजार फार वाढलेले जे रुग्ण इंजेक्शननंतर कोसळतात, त्यांतले बरेच ॲलर्जीने नव्हे, तर कमकुवत हृदयामुळे कोसळत असावेत. अशांना गोळ्यांचा विचार करावा. म्हणजे ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिला इंजेक्शन सोसलं असतं. नंतर, झडप गेल्यावर, खरा धोका सुरू झाला.

फुग्याने झडप मोकळी केल्यावर तिची औषधं माझ्याकडेच ठेवा, असं मी तिच्या वडिलांना सांगितलं आणि पूर्वी का नाकारलं तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

तुमच्या घरात कोणाचं २१ दिवसांचं इंजेक्शन चालू असेल, तर तारीख चुकवू नका आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चालताना धाप लागू लागली असेल, तर पुढची सुई घेण्याआधी त्यांना दाखवा. आणि गावातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, ॲड्रिनलिनची कुपी कपाटात नको, टेबलावर ठेवा. मग पेनिसिलिन द्या.