होडीच्या पोटात

परवा बारामतीत आमच्या गल्लीत पिंपातलं डांबर तापवायला घेतलं आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी मात्र गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला त्या वासानं भूक लागते. लहानपणी होडी डागडुजीला उपडी पडली की मासेमारी बंद, आणि आदल्या दिवशीची चिलापी आई विकायला न देता कालवणाला ठेवायची.

आमचं पाल कळाशी गावाला, उजनी धरणाच्या काठाला. काठ तरी कसला, उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये, म्हणजे मृत साठ्यात गेली की पाणी हटायचं आणि त्यामागं गाळ तुडवत बिऱ्हाड. ऐन हंगामात तर पालापेक्षा होडीतच जास्त राहणं: संध्याकाळी जाळी सोडायची, तिथंच आडवं व्हायचं, उजाडायच्या आत ओढायची. आई वल्हवायची, वडील जाळं ओढायचे.

होडी वडिलांनी जुनीच घेतलेली, लाकडी. फळ्यांचे सांधे दर उन्हाळ्यात उघडे पडायचे. मग ती उपडी करून चार दगडांवर ठेवत आणि आई खाली शिरायची. बाहेरून न दिसणारी फट आतल्या अंधारात उन्हाच्या रेघेनं दिसते. आई तिथं आतून काठीनं ठोकायची.

"कुठं गं?"

"हितं. न्हाई, अवो, तुमच्या डाव्या हाताला."

वडील तिथं सुतळी कोंबून वर गरम डांबर ओतायचे. दोघं एकमेकांना दिसत नसत, त्यामुळं असेल, एरवी न होणारी भांडणंही तेव्हाच व्हायची. माहेरी न पाठवल्याचं, उधारीचं. मध्येच, "आता हितं."

उजनी धरण १९८० साली पुरं झालं. साठा ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत. कागदावर मृत असलेल्या त्या पाण्यावरच आमचं सगळं जगणं. त्याच पाण्याखाली जुनं पळसदेव गेलं. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, लोक गाड्या काढून बघायला येतात. वडील तिकडं होडी नेताना वल्हं थांबवायला सांगायचे, हात जोडायचे. आई थांबवायची, पण हात जोडत नसे. वल्हं कोण धरणार?

माझा राग इथं आहे. परवाना वडिलांच्या नावावर, बाजारातली पट्टी वडिलांच्या नावावर, अजूनही नातेवाईक 'तुझ्या बापाची होडी' म्हणतात. तिच्या पोटात शिरून एकेक फट शोधलेली बाई कुठंच नाही. वडील भले माणूस होते, पण हे त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

कोकणात होड्यांना शीड असायचं, आमची होडी आईच्या वल्ह्यावर. आमच्याकडं वारा कधी कामाला आलाच नाही, आला तो जीव घ्यायला. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. ती बातमी आई टीव्हीसमोर उभी राहूनच बघत होती. "वाऱ्याचं तोंड बघून सोडायची असती," एवढंच बोलली आणि भाकरी थापायला गेली.

आता हिवाळ्यात मी आणि बायको उजनीकाठच्या कुंभारगावला जातो. बायकोला पाण्याची भीती, तरी फ्लेमिंगोंसाठी येते. तिथल्या होड्या फायबरच्या, तळ गुळगुळीत. यंदा आईलाही म्हटलं, चल.

"पैसे देऊन? जन्मभर फुकट बघितली ती पाखरं," ती म्हणाली. "त्यापेक्षा येताना भिगवणातनं वाम आण. जित्ती बघून घे, नायतर तुला काय बी गळ्यात मारत्यात."